दुसऱ्या शाखेचं दार



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा: कॉलेज कुठलं मिळणार? प्रवेशानंतर जो फॉर्म हातात पडतो, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. ही अक्षरं पाहून पालक गांगरतात आणि पोरं शेजारच्या मित्राच्या फॉर्ममध्ये डोकावतात. त्यानं जिथे टिक केली, तिथेच आपली.

मी आज एकाच रकान्यावर बोलणार आहे: ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. भारतीय ज्ञानप्रणाली, पर्यावरण, संविधान वगैरे विषय बहुधा कॉलेजच ठरवून टाकतं. ओई मात्र आपल्या शाखेबाहेरचीच घ्यायची, असा राज्य शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाचा दंडक आहे. विज्ञानाच्या मुलानं कला किंवा वाणिज्याचं दार ठोठावायचं, कलेच्या मुलीनं विज्ञानाचं.

हे खूळ आजचं नव्हे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं 1948-49 मध्येच पदवीच्या विद्यार्थ्याला सामान्य शिक्षण, म्हणजे आपल्या विषयाबाहेरचंही ज्ञान, द्यावं असं सुचवलं होतं. आपण मात्र अकरावीलाच भिंती बांधत राहिलो. सायन्सला गेलेल्या मुलाचा इतिहास दहावीतच संपतो. म्हणजे मिसरूड फुटायच्या आत शिवाजी महाराजांपासून गांधीजींपर्यंत सगळं आटोपलेलं!

दोन क्रेडिटच्या थिअरी विषयाला मिळतात 30 तास. तेवढ्यात कुणी अर्थतज्ज्ञ होत नाही. पण रेपो दर वाढला की घराच्या कर्जाचा हप्ता का वाढतो, हे ओईत अर्थशास्त्र घेतलेल्या मायक्रोबायोलॉजीच्या मुलाला नक्की कळेल. मराठी साहित्याच्या मुलीनं संख्याशास्त्र घेतलं असं समजा. एखादी संस्था जाहिरात करते, 'सरासरी पॅकेज 5 लाख 20 हजार'. दहा मुलांपैकी एकाला 25 लाख आणि उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी 3 लाख मिळाले, तरी सरासरी एवढीच येते. मध्यक, म्हणजे पगार क्रमानं मांडले की मधोमध येणारा आकडा, येतो 3 लाख. ही मुलगी सरासरीवर भाळणार नाही, मध्यक विचारेल.

'सर, स्कोअरिंग आहे का?' हा प्रश्न मला कायम विचारला जातो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ओईचे गुणही सीजीपीएत धरले जातात. पण तेवढ्यासाठी आधीच येत असलेला विषय नव्या नावानं घेणं म्हणजे 30 तास फुकट घालवणं.

कॉलेजांनाही दोन शब्द सुनावायला हवेत. ज्या प्राध्यापकांचा वर्कलोड भरत नाही, त्यांचा विषय यादीत घालायचा आणि त्याला मुलांची निवड म्हणायचं, हे थांबवा. एकाच शाखेच्या लहान कॉलेजात दुसऱ्या शाखेचा शिक्षकच नसतो, ही अडचण खरी आहे. तिथे 'स्वयम्' पोर्टलवरच्या अभ्यासक्रमाची क्रेडिट मिळू शकतात; फक्त कॉलेजची मान्यता आधी घ्या.

तेव्हा मुलांनो, फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या विषयाचा सिलॅबस उतरवून वाचा. तो कोण शिकवणार हे सीनियर मुलांना विचारा, आणि त्याचे तास मेजरच्या प्रॅक्टिकलवर येत नाहीत ना, तेही पाहून घ्या.