शेंड्यावरची मुळं



अणदूरला पाऊस मोजका. वर्षावन आपण पुस्तकातच पाहिलं. पण वडाच्या पारंब्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या जमिनीकडे येतात. नलिनी नाडकर्णी यांना उलटंच दिसलं. भारतीय वडिलांची ही अमेरिकेत वाढलेली मुलगी दोर लावून वर्षावनातल्या झाडांवर चढली. फांद्यांवरच्या शेवाळाखाली माती साठते आणि झाड वरच्या वर तिच्यात मुळं सोडतं, हे त्यांनी १९८१ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं.

वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलांतलं हेच शेवाळ फुलांच्या धंद्यासाठी ओरबाडलं जातं. ते परत यायला दशकं लागतात. नाडकर्णींनी तिथल्या तुरुंगातल्या कैद्यांना हाताशी धरलं, शेवाळ वाढवायचे प्रयोग त्यांच्याकडून करून घेतले. मला तरी हे त्या शोधाहून मोठं वाटतं. २०१५ मध्ये झाडावरून पन्नास फूट खाली पडून त्या जबर जखमी झाल्या. बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागल्या.