व्होल्गेला दिलेली भेट



आज आपण जी रचना ऐकणार आहोत तिच्यात एकही शब्द नाही, नुसता वाद्यवृंद आहे. तरी तिच्यात एक गोष्ट आहे, आणि ती माहीत करून घेऊन मगच ऐकावं, असं मला वाटतं. रचनेचं नाव ‘स्तेंका राझिन’. अलेक्झांडर ग्लाझुनोव्ह या रशियन संगीतकारानं ती १८८५ साली लिहिली. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता.

राझिन हा खरा माणूस. सतराव्या शतकातला, डॉन नदीकाठचा कोसॅक. आधी त्यानं व्यापाऱ्यांची गलबतं लुटली, इराणच्या किनाऱ्यावर धाडी घातल्या. मग १६७० मध्ये तो झारविरुद्धच्या बंडाचा पुढारी झाला. जमीनदारांच्या जाचाला कंटाळलेले शेतकरी त्याच्यामागे उभे राहिले. १६७१ मध्ये मॉस्कोत त्याला हालहाल करून मारलं. लोकांनी त्याला गाण्यांत जिवंत ठेवलं, हे साहजिकच आहे.

पण त्याच्या दंतकथेत एक इराणी राजकन्याही आहे. धाडीत पकडून आणलेली. ग्लाझुनोव्हच्या रचनेला जोडलेल्या कथेत तिला स्वप्न पडतं : राझिन मारला जाईल, त्याची माणसं कैद होतील आणि ती स्वतः व्होल्गेत बुडेल. झारचं सैन्य घेरतं. तेव्हा राझिन म्हणतो की, इतक्या वर्षांत व्होल्गेला मी काही दिलं नाही, आज माझं सर्वांत मोलाचं धन देतो. आणि तिला पाण्यात फेकतो. साथीदार त्याचा जयजयकार करत सैन्यावर तुटून पडतात.

सादोव्निकोव्हच्या १८८३ च्या कवितेत कारण आणखी उघड आहे. एका रात्रीत आपला नायक बाईच होऊन गेला, असं साथीदार हिणवतात. मर्दानगी सिद्ध करायला तो तिला बुडवतो. ही कविता पुढे गाणं होऊन घरोघर गेली.

हे प्रत्यक्षात घडलं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. भेट द्यायची ती आपल्या मालकीची वस्तू. पकडून आणलेली बाई त्याच्या मालकीची कधी झाली? तिला पुढचं सगळं दिसतं, पण ठरवता काहीच येत नाही. आणि गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना यात काही खटकत नाही!

याच बंडात अल्योना नावाची एक शेतकरी बाई होती. विधवा झाल्यावर ती अरझामासच्या मठात जोगीण झाली होती. १६७० मध्ये तिनं पुरुषी वेष केला, माणसं जमवली, तेमनिकोव्ह शहरात बंडखोरांचं नेतृत्व केलं. पकडल्यावर तिला जिवंत जाळलं. तिला नाव आहे, काम आहे, निर्णय आहे. ग्लाझुनोव्हच्या रचनेत मात्र जागा मिळाली ती बुडवलेलीला.

म्हणून हे संगीत ऐकू नये, असं मी म्हणत नाही. ते सुंदर आहे. सुरुवातीला व्होल्गेवर नावा ओढणाऱ्या मजुरांच्या गाण्याची चाल येईल. ती कष्टाची चाल आहे, ती आपलीशी वाटेल. मग क्लॅरिनेटवर राजकन्येची हळुवार धून येईल. ती नीट लक्षात ठेवा. शेवटी सगळा वाद्यवृंद विजयाच्या आवेशात उसळेल, तेव्हा ती धून कुठे गेली, हे स्वतःला विचारा. ऐकून झालं की त्यावरच बोलू.