कासव घ्यायचंय? आधी पूररेषा बघा

हेडफोन लावून एसटीत बसलेले, उसाच्या बांधावर उभे असलेले, अभ्यासाच्या नावाखाली ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग थोडा घरचा आहे, कारण त्यात मी केलेली एक चूक आहे आणि ती चूक अजून माझ्या गच्चीवर राहते. तिचं नाव बंडी.

झालं असं की मागच्या महिन्यात एक व्हॉइस नोट आली. अकरावीतला मुलगा, शिरोळचाच. म्हणाला, "दादा, मला पहिल्यांदाच कासव पाळायचंय. आपल्या हवेत आणि आपल्या घरात कुठलं कासव टिकेल, सांगा की." प्रश्न चांगला आहे. बरेच जण आधी कासव आणतात आणि मग विचारतात. मीही त्यातलाच. हा निदान आधी विचारतोय, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी कायद्याचं बघूया, म्हणजे अर्धी यादी तिथंच संपेल.

कासव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते तारा कासव. काळसर पाठ, त्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. दिसायला एक नंबर. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यानुसार हे कासव अनुसूची १ मध्ये आहे. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. ते घरात सापडलं तर किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. "ओळखीच्यानं दिलं", "आमच्याकडं आधीपासून आहे" हे काही चालत नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारातसुद्धा त्याला सगळ्यात कडक यादीत टाकलं, कारण त्याची तस्करी प्रचंड होते.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी शिरोळ त्याला मानवणारं नाही. ते कोरड्या माळाचं, काटेरी झुडपांचं जनावर. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा दमटपणात त्याला सर्दी होते, छातीत संसर्ग होतो, कवच सडायला लागतं. बाहेरून ते शांत दिसतं, म्हणून कळायला उशीर होतो.

आता दुसरं. "मग नदीतलंच एखादं आणतो की." नाही. आपल्या विहिरीत, तळ्यात, ओढ्यात जे मऊ पाठीचं कासव दिसतं, पाय आत ओढले की पोटाकडची झडप बंद करणारं, तेसुद्धा अनुसूची १ मध्येच आहे. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात लीथचं कासव म्हणून एक मोठं मऊ पाठीचं कासव आहे. ते इतकं कमी झालंय की २०२२ मध्ये पनामात झालेल्या सायटिसच्या बैठकीत भारताच्या प्रस्तावावरून त्याला परिशिष्ट १ मध्ये घेतलं. आपण शिरोळकर चार नद्यांच्या कुशीत राहतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. या नद्यांमधली कासवं आपली शेजारी आहेत. शेजाऱ्याला उचलून घरात डांबत नाहीत.

आणि ते वीस नखांचं कासव, पैशाचा पाऊस, गुप्तधन वगैरे? मंडळी, त्या पावसात आजवर फक्त पोलीस आलेत. कुणी असलं काही सांगितलं तर १९२६ हा वन विभागाचा नंबर आहे, तो लावा.

मग दुकानात उघड्यावर मिळतं ते कुठलं? तर ते लाल कानाचं कासव. रेड इअर्ड स्लायडर. डोळ्यामागं लाल पट्टा असतो. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. भारतीय जात नसल्यामुळं आपल्या देशी कासवांसारखं ते कायद्याच्या संरक्षणात येत नाही, म्हणून माशांच्या दुकानात मिळतं. आणि इथून माझी गोष्ट सुरू होते.

२०१६ ची दिवाळी. मी कॉलेजला. बोनस म्हणून आबांनी पाचशे रुपये दिले होते. एका दुकानात काचेच्या पेटीत हिरवीगार पिल्लं पोहत होती, जुन्या पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. दुकानदार म्हणाला, "एवढंच राहतं. छोट्या टाकीत ठेवा, खाणं टाका, काही टेन्शन नाही." वास्तूला चांगलं असतं, हेही वर सांगितलं. मी एक घेतलं, एक प्लास्टिकचं बेट घेतलं, नाव ठेवलं बंड्या.

"एवढंच राहतं" हे वाक्य लक्षात ठेवा. ते कासवाबद्दल कुणीही म्हणालं की दुकानातून बाहेर पडा.

तीन वर्षांत बंड्या माझ्या तळहातात मावेना. पुढच्या पायांची नखं आखूड राहिली, तेव्हा कळलं की ही मादी आहे. नराची नखं लांब असतात. बंड्याची बंडी झाली. मादी नरापेक्षा मोठी होते, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, काही त्याहूनही मोठ्या. आयुष्य वीस ते चाळीस वर्षं. हिशोब करा. सोळाव्या वर्षी घेतलं, तर तुमची पोरं कॉलेजला जातील तेव्हाही ते जिवंत असेल.

जागेचं गणित सांगतो. साधारण एक इंच कवचामागं चाळीस लिटर पाणी धरतात. दहा इंचाची मादी म्हणजे चारशे लिटर. काचेच्या पेटीत ते होत नाही. आमच्या गच्चीवर शेवटी सिमेंटचा हौद बांधला. तिला पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं होता येईल अशी फरशी लागते, त्या फरशीवर ऊन लागतं. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण कवच घट्ट करणारे किरण काचेत अडतात. एक तर सकाळचं थेट ऊन द्यायचं, नाहीतर यूव्हीबीचा खास दिवा घ्यायचा आणि तो ठरावीक महिन्यांनी बदलायचा. पहिल्या वर्षी मी तिला ट्यूबलाइटखाली ठेवून चपाती आणि भात घालत होतो. कवच मऊ पडलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं, ते भले माणूस म्हणाले, "बाळा, मी म्हशींचा डॉक्टर. कासवाचं मला फारसं कळत नाही." तेव्हा घ्यायच्या आधीच विचारून ठेवा, की तुमच्या आसपास कासव बघणारा डॉक्टर कोण आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुठंतरी एक तरी फोन नंबर हातात पाहिजे.

आता हवामान. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं स्लॅब तापतो. उथळ टबातलं पाणी दुपारी एवढं गरम होतं की कासव त्यातच मरू शकतं, म्हणून खोल पाणी आणि अर्धी सावली. डिसेंबरच्या रात्री पाणी गार पडलं की ती सुस्त होते, खाणं सोडते. लहान पिल्लाला तेव्हा पाणी चोवीस अंशांच्या वर ठेवणारा हीटर लागतो. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा दिवा लागतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. आणि हात धुणं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचाच्या आतली कासवं विकायला बंदी घातली ती याच्यामुळंच, कारण लहान मुलं ती तोंडात घालत होती. घरात तान्हं बाळ असेल तर कासव स्वयंपाकघरापासून लांब.

एवढं सगळं केलं की स्लायडर शिरोळच्या हवेत मस्त राहतं. खरं सांगायचं तर जास्तच मस्त राहतं. आणि माझ्या मते खरी अडचण तिथंच आहे.

ऑगस्ट २०१९. शिरोळ तालुक्यातल्या कुणालाही ही तारीख समजावून सांगायला लागत नाही. वाडीला देवळात पाणी आलं, दक्षिणद्वार झालं, पाणी तरीही चढतच राहिलं. आमच्या गल्लीत रात्रीत गुडघाभर, सकाळी कमरेभर. ट्रॅक्टर आला, म्हशी काढल्या, आज्जीला उचलून बसवलं. बंडीचा हौद तेव्हा परड्यात होता, गच्चीवर नव्हता. मी पाण्यातून तिथं गेलो तेव्हा हौदाची कड आणि पुराचं पाणी यांच्यात चार बोटांचं अंतर उरलं होतं. तिला बादलीत घातलं, वर चाळण बांधली.

ट्रॅक्टरवर आज्जी म्हणाली, "आरं सोड की तिला. एवढं पाणी आलंय, जाऊ दे तिच्या घरला. पुण्य लागंल." शेजारचे काकाही म्हणाले, "माणसांचं बघ आधी." मी काही हुशार नव्हतो. मलाही वाटलं, सोडावं. बादली जड होती, मी दमलो होतो, आणि सगळ्या गावाचं घरदार पाण्यात असताना एक कासव घेऊन बसायची लाज वाटत होती. बादली मी काठावर तिरकी धरलीसुद्धा होती.

तेवढ्यात समोरून केंदाळ वाहत आलं. हिरवं, ट्रकच्या ट्रक. पंचगंगेचं केंदाळ आपण लहानपणापासून बघतोय. बंधाऱ्याला येऊन अडकतं, पाणी झाकून टाकतं. ही जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. निळी फुलं छान दिसतात म्हणून कुणीतरी हौसेनं भारतात आणली आणि कुठंतरी तळ्यात सोडली. त्या कुणीतरीलाही वाटलं असेल, एवढंसं रोप, काय बिघडतंय.

मी बादली सरळ केली. जयसिंगपूरला छावणीत नऊ दिवस ती बादलीत होती. पाणी मागायला मला लाज वाटायची, पण एका मावशींनी रोज तांब्याभर दिलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की आपण कशाच्या काठावर उभे होतो. ही जात जगातल्या शंभर सर्वात त्रासदायक उपऱ्या जातींच्या यादीत आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्येच तिची आयात थांबवली. केरळात थ्रिसूरकडं ती उघड्या पाण्यात सापडली, तेव्हा तिथल्या वन संशोधन संस्थेला लोकांना सांगायला लागलं की घरात असतील ती आम्हाला आणून द्या, पाण्यात सोडू नका. ती काहीही खाते. मासे, अंडी, शेवाळ, किडे. ऊन खायला बसायची जागा पटकावते, आपल्या देशी कासवांना रोग देते. आणि शिरोळचं पाणी कधी गोठत नाही, उन्हाळ्यात ऊन भरपूर. मिसिसिपीत जी बर्फाखाली तग धरते, तिला कृष्णा म्हणजे माहेर. पुण्य म्हणून सोडलेलं एक कासव आपल्या शेजाऱ्यांच्या घरात शिरलेला पूर ठरू शकतं, आणि हा पूर ओसरत नाही.

म्हणून व्हॉइस नोटवाल्या भावा, तुझा प्रश्न मी थोडा बदलतो. "आपल्या हवेत कुठलं टिकेल?" हे विचारायच्या आधी विचार, "टिकणारं जनावर माझ्या हातून सुटलं तर काय होईल?" दुष्काळी गावात हा प्रश्न छोटा असेल. २००५, २०१९ आणि २०२१ बघितलेल्या गावात तोच पहिला प्रश्न आहे.

तुझं घर पूररेषेत असेल तर माझं उत्तर सरळ आहे. नको घेऊ. पूररेषेबाहेर असेल, तर वरच्या मजल्यावर चारशे लिटरचा हौद बसतो का, वीस वर्षं कोण बघणार, तू पुण्याला शिकायला गेलास की आई बघणार का, हे आईला विचार. माझ्या आईनं पाच वर्षं हौद घासलाय, मी फक्त स्टोरी टाकल्या. एवढं करूनही घ्यायचंच असेल तर दुकानातून नवं पिल्लू आणू नको. कंटाळून कुणीतरी सोडायच्या बेतात असलेलं मोठं कासव शोध. ते तुझ्याकडं आलं की नदी वाचते आणि दुकानात नव्या पिल्लाची मागणीही वाढत नाही. आफ्रिकन सुलकाटा वगैरे कुणी दाखवलं तर भुलू नको. ते तीस-चाळीस किलोंच्या पुढं जातं, आणि अशा सायटिस यादीतल्या परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आणि फक्त कासव बघायचं असेल ना, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून निघून समुद्राकडं पळतात. तिथं गावानं २००२ पासून घरटी राखली आहेत. नाहीतर हिवाळ्यात सकाळी नऊला नदीकाठी गप्प बस. दगडावर एखादं ऊन खात बसलेलं दिसेल. पाय वाजला की डुबुक. फुकट आहे, आणि हौद घासायला लागत नाही.

बंडी आता नऊ वर्षांची झाली. हौद गच्चीवर आहे, वर जाळी आहे, आणि जुलै लागला की जिन्यात एक मोठी झाकणाची बादली तयार असते. आज्जी आता नाही. पण जायच्या आदल्या वर्षी ती गच्चीवर बसून शेवग्याचा पाला तोडून बंडीला घालायची आणि म्हणायची, "राहू दे बाई, हितंच राहा. तुझं घर लई लांब हाय."

तुमच्याकडं असं कासव असेल आणि सांभाळणं जमत नसेल, तर मला मेसेज करा. आपण मिळून घर शोधू. फक्त नदीवर जाऊ नका. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि कासवाला हात लावला असेल तर आधी हात धुवा.