जहाज निघून जाते, रुग्णालय उरते

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयातील एका ज्येष्ठ परिचारिकेने केलेले भाषण)



या रुग्णालयात मी गेली २४ वर्षे परिचारिका म्हणून काम करीत आहे. २०२४ च्या आरंभी विश्वस्तांनी मला तीन महिन्यांची रजा मंजूर केली आणि मी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात, फ्रीटाउन बंदराच्या धक्क्याला लागलेल्या ‘ग्लोबल मर्सी’ या रुग्णालय-जहाजावर स्वयंसेविका म्हणून गेले. त्या रजेचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हे जहाज ‘मर्सी शिप्स’ या १९७८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे. लांबी १७४ मीटर, शस्त्रक्रियागृहे ६, रुग्णखाटा सुमारे २००. शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. स्वयंसेवकांना वेतन नसते. प्रवासखर्च ज्याचा त्याने करावयाचा. जहाज महिनोन्‌महिने एकाच बंदरात थांबते. त्यामुळे लाटांवर हेलकावणाऱ्या वॉर्डाचे जे चित्र मी मनाशी रंगवले होते, ते पहिल्याच दिवशी पुसले गेले. आत शिरल्यावर तोच जंतुनाशकाचा वास, त्याच सलाईनच्या बाटल्या, तीच तापाची नोंद. आपलेच काम, केवळ भिंती लोखंडाच्या.

परंतु रुग्ण निराळे होते. जबड्यातील एक विशिष्ट गाठ कर्करोगाची नसते, मात्र ती वाढतच राहते. आपल्याकडे ती बहुधा लहान असतानाच काढली जाते. तेथे मी ती नारळाएवढी झालेली पाहिली. अशा रुग्णाला घास गिळता येत नाही, पुढे श्वासही कोंडतो. भाजल्यावर उपचार न मिळाल्याने छातीला चिकटलेले हात, धनुष्यासारखे वाकलेले मुलांचे पाय, वर्षानुवर्षे वागवलेले अंतर्गळ हेही तेथे नित्याचेच. या देशाने १९९१ ते २००२ असे यादवी युद्ध सोसले आणि २०१४ पासून इबोलाची साथ. त्या साथीत तेथील अनेक डॉक्टर व परिचारिका दगावल्या. लोक अडाणी म्हणून उशिरा आले नव्हते. जावे असे ठिकाणच त्यांना नव्हते.

क्रिओ भाषेत ख्यालीखुशाली विचारताना ‘हाऊ दि बॉडी?’ म्हणतात, म्हणजे ‘शरीर कसे आहे?’ वेदनेने कण्हणारा माणूसही आधी ‘दि बॉडी फाइन’ असे उत्तर देतो आणि मग दुखणे सांगतो. आपल्याकडील आजीबाई ‘बरं आहे हो सिस्टर’ म्हणतात, त्याचीच मला आठवण होई.

एका रात्री शस्त्रक्रियेनंतर एका स्त्रीला रक्ताची गरज लागली. तेथे जहाजावरील कर्मचारी हीच रक्तपेढी. गट जुळणाऱ्या, स्वयंपाकघरातील एका तरुणाला उठवण्यात आले. रक्त देऊन तो थोडा वेळ बसला, चहा प्याला आणि झोपावयास गेला. आपण कोणाला रक्त दिले, हे त्याने विचारलेही नाही.

आता जे सांगण्यासाठी मी उभी आहे, ते सांगते.

रुग्ण तपासून निवडण्याच्या कामावर माझी काही दिवस नेमणूक होती. एक माता आपल्या विशीतील मुलाला घेऊन आली. मांडीवरील गाठ झपाट्याने वाढलेली होती. तो कर्करोग होता आणि त्याला लागणारे दीर्घकाळचे उपचार जहाजावर शक्य नव्हते. डॉक्टरांनी निर्णय दिला. तो सांगावयाचे काम माझ्याकडे आले. दुभाषी माझ्याकडे पाहत थांबला. माझ्या तोंडून ‘नाही’ निघेना. मी म्हणाले, “बघू.”

दुसऱ्या दिवशी ती माता मुलासह पुन्हा दारात बसलेली होती. तिसऱ्या दिवशीही. माझ्या एका शब्दावर तिने उन्हात दोन दिवस घालवले होते. जे दिवस त्या मुलाने आपल्या घरी, आपल्या माणसांत घालवावयाचे, ते मी खर्ची टाकले. अखेर एका अनुभवी परिचारिकेला बरोबर घेऊन मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि खरे काय ते सांगितले. ती रडली. मग तिने विचारले, “रात्री दुखते तेव्हा काय द्यावे?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ होते. वेदनाशामक औषधे कशी द्यावी, जखम कशी धुवावी, कुशीवर कसे निजवावे, हे आम्ही तासभर समजावले. तो तास मी पहिल्याच दिवशी देऊ शकले असते.

परतल्यावर आपल्या बाह्यरुग्ण विभागात मी कान देऊन ऐकू लागले. ‘बघू’, ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘मोठ्या साहेबांना विचारते’ ही वाक्ये मी स्वतः २४ वर्षे बोलत आले आहे. त्यांत दुष्टावा नसतो; नकार देण्याचे धैर्य नसते, इतकेच. परंतु एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी रुग्णाची जाते.

विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. ज्यांच्यावर आपण उपचार करू शकत नाही, त्यांच्यासाठी एक स्वतंत्र खोली आणि एक परिचारिका असावी. तिने स्पष्ट सांगावे, पुढे कोठे जावे याची चिठ्ठी द्यावी आणि जेथे इलाज उरला नाही, तेथे घरच्यांना वेदना कमी करण्याची शुश्रूषा शिकवावी. यास यंत्रसामग्री लागत नाही. दोन खुर्च्या, एक बाक आणि वेळ लागतो. पाटीवर नाव कोरावे अशी ही देणगी नव्हे, हे मी जाणते. तरीही ती मागते.

जहाज आपले काम करून एक दिवस दुसऱ्या बंदरास निघते. आपल्या रुग्णालयास नांगर उचलावयाची सोय नाही. ज्याला आपण परत पाठवले, तो याच तालुक्यात राहतो, बाजारात भेटतो. म्हणूनच त्याला खरे उत्तर देण्याची आपली जबाबदारी अधिक आहे.

आपण मला रजा दिलीत, माझ्या अनुपस्थितीत सहकारी भगिनींनी माझ्या रात्रपाळ्या केल्या, त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे.