अर्धी पट्टी

गावोगावहून आलेले डॉक्टर, परिचारिका, आशाताई, विमा क्षेत्रातले अधिकारी आणि स्वतःचा आजार वर्षानुवर्षं सांभाळत इथवर आलेले माझे बंधुभगिनी,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं मिरजेत मनापासून स्वागत करतो.

सकाळी स्टेशनावर उतरताना आजूबाजूच्या माणसांच्या हातांकडे तुमचं लक्ष गेलं असेल. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली इथे रुग्णालय उभारलं. तेव्हापासून कोकणातली, घाटावरची आणि कर्नाटकातली दुखणी मिरजेला येत राहिली आहेत.

या गावाची दुसरी ओळख म्हणजे सतारमेकर गल्ली. इथल्या कारागिराने तंबोरा विकला म्हणून त्याचं काम संपत नाही. तारा घासून घासून घोडी झिजते, आवाज बसतो, मग वाद्य पुन्हा त्याच्याकडे येतं आणि तो जवारी नीट करून देतो. एकेका तंबोऱ्याशी घराण्याचं दोन-दोन पिढ्यांचं नातं असतं. दीर्घकाळच्या आजाराला नेमकं असंच नातं लागतं, आणि आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ते जवळजवळ कुठेच नाही.

मी डॉक्टर नाही. चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवतो. आमच्या दुकानात महिन्याच्या विशीनंतर एक वाक्य फार ऐकू येतं, “शुगरची अर्धीच पट्टी द्या.” पगाराला अवकाश असतो, मुलाची फी भरायची असते. माणूस स्वतःच्या गोळ्या निम्म्या करतो, बायको तर त्याच्याही आधी करते.

असेच एक रिक्षावाले काका माझ्याकडे यायचे. मेडिक्लेमचा हप्ता कधी चुकवला नाही, गोळ्या मात्र अर्ध्या. पायाची जाणीव कमी झालेली, चपलेचा अंगठा घासून फोड आला तो त्यांना कळलाच नाही. गँगरीन झालं. आधी बोट काढलं, मग गुडघ्याखालून पाय. विमा कंपनीने दवाखान्याचं सगळं बिल भरलं. कुणाकडूनही नियमभंग झाला नव्हता. कंपनीचा फोन त्यांना दरवर्षी यायचा, पण फक्त नूतनीकरणासाठी. “काका, पाय दाखवलात का?” असं त्यांना कुणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि अर्ध्या पट्ट्या तर मीच कापून देत होतो. आज तुमच्यासमोर उभं राहण्याचं कारण तेच आहे.

आपला विमा पेशंटला खाटेवर ओळखतो. अनेक पॉलिसींत भरती होण्याआधीचे तीस दिवस आणि घरी आल्यानंतरचे साठ दिवस धरतात. मधुमेहाचं आयुष्य त्याच्या बाहेर असतं. 2024 साली विमा नियामकाने जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या तीन वर्षांत आजार काही वाट बघत थांबत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने डायलिसिसपर्यंत पोहोचलेल्या गरिबाला फार मोठा आधार दिला. त्याच माणसाचा रक्तदाब दहा वर्षं आधी आटोक्यात ठेवण्याचा खर्च मात्र तिच्यात कुठे बसत नाही.

आणि माणसं थोडी नाहीत. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक आणि उच्च रक्तदाबाचे 31 कोटींहून अधिक लोक असल्याचा अंदाज आहे.

कार्यक्रमपत्रिकेत ‘निगा व्यवस्थापन’ असा शब्द छापला आहे. दुकानातल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पेशंटचं नाव कुणाच्या तरी वहीत असावं आणि ती वही रोज उघडली जावी. तीन महिन्यांची साखर, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, पायाचे तळवे, या सगळ्याची तारीख आधीच लिहिलेली हवी. ती चुकली की फोन जावा, आणि गोळ्या पूर्ण महिन्याच्या मिळाव्यात.

हे आपल्याकडे होत नाही असंही नाही. 2017 च्या अखेरीस देशात सुरू झालेला रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत राबवला गेला. प्रत्येकाचं उपचारपत्र, ठरलेली मोजकी औषधं, न आलेल्याला शोधून आणणं, एवढंच त्याचं तंत्र. सातारा तर आपला शेजारी. आणि कामगार राज्य विमा योजना 1952 पासून बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं देतेच आहे. विम्यात रोजची गोळी बसू शकते, हे कामगाराने सत्तर वर्षांपूर्वीच मिळवलं.

मग खाजगी कंपन्या का करत नाहीत? त्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही, कारण अडचण खरी आहे. पॉलिसी वर्षाची असते. आज पायाच्या तपासणीवर खर्च करायचा आणि दहा वर्षांनी वाचणारा पाय दुसऱ्याच कंपनीच्या खात्यात जमा व्हायचा, असा हा हिशेब. जर्मनीने 2002 पासून यावर तोडगा काढला. जी आरोग्यनिधी संस्था मधुमेहींना, दमेकऱ्यांना नोंदवून ठरल्याप्रमाणे सांभाळते, तिला सगळ्यांच्या सामाईक निधीतून जास्त वाटा मिळू लागला. आजारी माणूस नोंदवणं हा तोटा राहिला नाही. घरचे डॉक्टर नेमाने बोलावतात, पाय बघतात, आजाराचे वर्ग घेतात. आपली व्यवस्था वेगळी आहे, पण सामाईक निधीचा हा विचार इथे मांडला जावा आणि अधिकाऱ्यांनी त्यातल्या अडचणी आम्हाला स्पष्ट सांगाव्यात, एवढी माझी मागणी आहे. दोन दिवस त्यासाठीच राखले आहेत.

एक आनंदाची गोष्ट. ते रिक्षावाले काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत. उद्याच्या चर्चेत ते बोलणार आहेत, त्यांना अगदी शेवटचा वेळ देऊ नये अशी संयोजकांना विनंती आहे.

आता सोयींबद्दल. इन्सुलिन ठेवायला दाराजवळच्या टेबलामागे फ्रीज आहे, आपल्या पेनवर नाव लिहून द्या. पायांच्या तपासणीसाठी शेजारच्या खोलीत दोन परिचारिका दिवसभर बसतील, चपला काढायला संकोच करू नका. जेवण बरोबर साडेबाराला. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवणाऱ्यांची पहिली पंगत, भाषण कुणाचंही चालू असलं तरी त्यांनी उठून जावं.