पदार्थाआधी वार विचारा

श्रोतेहो, मोरोक्कोला निघालेल्यांना मी एकच सांगतो. तिथे पदार्थाआधी वार आणि वेळ विचारा.

कुसकुस शुक्रवारचा. रव्याचे बारीक दाणे दोन-तीनदा वाफवायचे, वर मांस आणि भाज्या रचायच्या, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर घरादाराने एकाच मोठ्या ताटात जेवायचं. आपल्या पुढ्यातलंच आपलं. पलीकडे हात घालायचा नाही. २०२० साली युनेस्कोने कुसकुसला वारशाचा मान दिला, तो दाण्यांइतकाच या पंगतीचाही आहे.

रमजानात सूर्यास्ताला हरीरा: टोमॅटो, मसूर, हरभरे घातलेलं दाट सूप, सोबत खजूर. आमच्या घरीही रोजा खजुरानेच सुटतो, म्हणून ते ताट मला परकं वाटत नाही.

शाकाहारी मंडळींनी थंडीतल्या सकाळी बिसारा मागावा. वालाच्या जातीच्या मोठ्या दाण्यांचं घट्ट वरणच ते, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. मात्र ‘सात भाज्यांचा कुसकुस’ ऐकून फसू नका. त्याचा रस्सा बहुधा मांसाबरोबरच शिजतो. आधी विचारा.

हॉटेलात यातलं बरंच काही एरवीही मिळेल. पण शुक्रवारी दुपारी कुणी घरी बोलावलं, तर नाही म्हणू नका.