ताण सिरिंजमधूनही जातो



खान्देशात पशुवैद्यांच्या सभेत अध्यक्षाने गायी-म्हशींवर बोलावं, फार तर शेळीवर, असा रिवाज आहे. मी आज कुत्रीवर बोलणार आहे. चोपड्याच्या मळ्यावर राखणीला असलेली, साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढरांमागे चालणारी, किंवा धुळ्याच्या देवपुरातल्या फ्लॅटमधली लॅब्रेडोर, कुठलीही असो, तक्रार एकच येते : "डॉक्टर, कुत्री माजवर येत नही." किंवा माजावर आली, नर दाखवला, पण गाभण राहिली नाही. आपलं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं : हार्मोनचं एक इंजेक्शन. त्यामागे ताण असेल का, हे कुणी विचारत नाही.

हान्स सेलीने 1936 साली शरीरावरच्या ताणाची पहिली मांडणी केली. हायपोथॅलॅमस, पिट्यूटरी, अधिवृक्क ग्रंथी आणि शेवटी कॉर्टिसॉल ही साखळी आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केली. पण ज्या पिट्यूटरीतून एसीटीएच निघतं, तिच्यातूनच एलएच आणि एफएसएचही निघतात, हे दवाखान्यात बसल्यावर विसरायला होतं. कॉर्टिसॉल बराच काळ चढं राहिलं की जीएनआरएचचे ठोके मंदावतात, एलएच अपुरं पडतं आणि बीजांडकोश गप्प बसतो. मेंढी आणि गायीत हे प्रयोगांनी चांगलं दाखवलं गेलं आहे. कुत्रीत निसर्गानेच प्रयोग करून ठेवलाय. कुशिंगचा आजार झालेल्या कुत्रीची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल ओतत राहते, आणि तिचा माज कित्येकदा बंदच पडतो.

गाय उलटली तर 21 दिवसांनी पुन्हा भरवता येते. कुत्रीला ती सवलत नाही. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, आपल्या गावठी कुत्र्या तर अनेकदा वर्षातून एकदाच. एक माज हुकला की अर्धं वर्ष गेलं.

आता जरा बोचणारं बोलतो. कुत्रीच्या अंगात कॉर्टिसॉलसारखं ताणाचं हार्मोन सर्वांत सहज जातं ते आपल्या सिरिंजमधून. पावसाळ्यात गोचीड, पिसवा, ओली त्वचा. कुत्री रात्रभर खाजवते, घरच्यांची झोप उडते. सकाळी ते येतात नि "साहेब, ते मागचंच मारून द्या" म्हणतात. ते मागचं म्हणजे डेक्सा, डेक्सामेथासोन, कॉर्टिसॉलचाच कृत्रिम भाऊ. दहा मिनिटांत केस निघते, लोक खूश. त्याच कुत्रीचा माज लांबला म्हणून चार महिन्यांनी वंध्यत्वाची केस उभी राहते, आणि त्या दोन कागदांची गाठ कुणी घालून देत नाही. गाभण कुत्रीत तर हा खेळ महागात पडतो. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी हेच डेक्सामेथासोन आठवडा-दहा दिवस देण्याची पद्धत आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. मग खाजेसाठी दिल्यावर कुत्री गाभडली किंवा टाळू दुभंगलेली पिल्लं जन्मली, तर आश्चर्य कशाचं?

अर्थात प्रत्येक अपयश ताणाच्या माथी मारणंही आळशीपणाच आहे. बहुतेक कुत्र्या गाभण राहत नाहीत त्या दिवस चुकल्यामुळे. रक्त दिसल्यापासून अकरावा दिवस हा आपल्याकडचा पक्का हिशेब, पण कुत्रीने तो वाचलेला नसतो. तिचं बीज सुटतं ते अपक्व, आणि ते पिकायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. योनीस्राव काचेवर घेऊन पाहा, जमेल तिथे प्रोजेस्टेरॉन तपासा, मगच ताणाकडे वळा.

ताण मात्र समागमाच्या दिवशी डोळ्यांसमोर असतो. आपल्याकडे मादीला नराच्या घरी नेतात. मे महिन्यात, पारा 45 अंशांपुढे असताना, जळगावहून नाशिक-पुण्यापर्यंत डिकीतल्या पिंजऱ्यातून. उतरल्या उतरल्या पट्टा धरून उभी करतात. शेपूट पोटाखाली, जीभ बाहेर, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय. ती नराला जवळ येऊ देत नाही, मग तोंड बांधतात. त्यापेक्षा एक दिवस आधी न्या, गारव्यात ठेवा, घरातलं पोतं तिच्या अंगाखाली टाका.

विण्याच्या वेळी याहून जपावं लागतं. अंगाचं तापमान एखाद्या अंशाने उतरलं, 37.2 अंश सेल्सिअसच्या खाली आलं, की साधारण दिवसभरात कुत्री विते. तेव्हा तिचं कॉर्टिसॉल आपोआप वाढतं, त्याला घाबरायचं कारण नाही. बिघडवतं ते ॲड्रिनलिन. पहिलं पिल्लू झालं, दुसऱ्याला अर्धा तास लागला, म्हणून घाबरून तिला रिक्षात घालतात. दवाखान्यातला दिवा, फिनाइलचा वास, टेबलाचा गार पत्रा. आणि कळा थांबतात. अशा कुत्रीला आधी अंधार आणि घरचं माणूस द्या, ऑक्सिटोसिनची बाटली नंतर उघडा.

कुणी विचारेल, मग रस्त्यावरची कुत्री एवढ्या हालात कशी विते? भाद्रपद लागला की माजावर येते आणि कार्तिक-मार्गशीर्षात गटाराच्या पाइपात पिल्लं घालते. तिचा भाग तिचा असतो, रोजचा त्रास ओळखीचा असतो, आणि उकिरड्यावर खायला मिळतं. शरीराला मोडतो तो अनपेक्षित, हाताबाहेरचा ताण. पण अशा कुत्र्यांना दगड मारून किंवा गाडीत घालून दुसऱ्या वेशीवर सोडून त्यांची संख्या कमी होत नाही. जळगाव आणि धुळे महापालिकांनी 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पकडणं, शस्त्रक्रिया, लसीकरण आणि त्याच जागी सोडणं, हे पूर्ण चक्र फिरवावं. पकडताना फास लावून फरपटू नये, एवढं तरी आपण पशुवैद्यांनी तिथे उभं राहून पाहावं. बिथरलेल्या कुत्रीला भूल देणं अवघड जातं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

सहकाऱ्यांनो, वंध्यत्वाची प्रत्येक कुत्री आली की केसपेपरवर मागच्या माजाची तारीख, गेल्या सहा महिन्यांत दिलेलं प्रत्येक स्टेरॉइड, कानात टाकायच्या थेंबांसकट, आणि ती बांधली जाते ती जागा लिहा. खान्देशातल्या दवाखान्यांत अशा नोंदी पाच वर्षं जमल्या, तर पुढच्या अध्यक्षाला दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांतल्या बीगल कुत्र्यांवरचे आकडे सांगावे लागणार नाहीत.